दहा टन म्हणजे किती हॉर्सपॉवर, वैनी?

वैनी, काल दुपारच्या बशीनं तुमच्या माहेरचे शेवटचे पाहुणे उदगीरला गेले. तुमच्या भाच्यानं पिशवी खांद्याला लावता लावता विचारलं, "बाई, एकट्या ऱ्हाल का?" मी "हाव" म्हणाले. तो बिचारा चपलेत पाय घालून उभा होता, बस सुटायची वेळ झाली होती. त्याला दुसरं काय सांगणार होते?

घरात आले तर सगळं जागच्या जागी होतं. सतरंज्या घड्या करून ठेवलेल्या, भांडी पालथी घातलेली. इतकं नीटनेटकं घर आपल्या दोघींच्या हातून कधी राहिलं नव्हतं.

तुम्हाला बसवून माती दिली. कपाळाला विभूती, डाव्या तळहातावर लिंग. मी बायकांच्यात मागं उभी होते. लोक म्हणत होते, ध्यानाला बसल्यागत दिसतात. मला मात्र तुम्ही मशीनघरात बसायच्या तशाच दिसलात. डोळे मिटून, मान जराशी डावीकडं कलती, कंप्रेसरच्या आवाजात कुठं खरखर येते का ते ऐकत.

समाजाच्या मासिकाला दोन कागद लिहून द्या म्हणून एकजण येऊन गेले. जन्म, माहेर, मठाला दिलेली देणगी, स्वभाव मनमिळाऊ. मी त्यांना चहा दिला आणि परत पाठवलं. तुम्ही मनमिळाऊ नव्हता, वैनी. हे आपल्या दोघींनाही माहीत होतं.

मला तुमच्याशीच बोलायचं आहे. एक वाद अर्धाच राहिला आहे, तिथूनच सुरू करते.

दादा गेले त्या साली लातूर जिल्हा झालं. गावात गुलाल उधळला, बाजा वाजला, आणि आपल्या दारात माणसं खाली मान घालून बसलेली. दादांच्या मागं बर्फाच्या कारखान्याचं काय करायचं, यावर भावकीतले सगळे बोलले. तुम्ही आतल्या खोलीतून ऐकत होतात. तिसऱ्या आठवड्यात डोक्यावरून पदर घेतला आणि मशीनघरात जाऊन बसलात. खाजामियाँ, आपले मशीनचे मिस्त्री, घाबरून उभेच राहिले. "बसा," तुम्ही म्हणालात, "आन मला सांगा ह्येच्यात काय काय हाय."

मी कन्याशाळेत गणित-विज्ञान शिकवायचे. शाळा सुटली की सरळ कारखान्यावर यायचे. मी वयानं तुमच्याहून लहान, पण नणंद म्हणून तुम्ही मला 'ताई' म्हणायच्या, 'तुम्ही' म्हणायच्या. एका संध्याकाळी मशीनच्या पितळी पट्टीवर बोट ठेवून तुम्ही विचारलंत, "ताई, इथं दहा टन लिवलंय. मशीनचं वजन तर दहा टन न्हाई. बर्फ बी दिवसाला सा-सात टनाच्या वर निघत न्हाई. मग ह्ये दहा टन कशाचं?"

मला फार आनंद झाला होता. वर्गात इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी सांगितलं, शून्य अंशावर आलेल्या एक टन पाण्याचा एका दिवसात बर्फ करायचा तर त्यातून जेवढी उष्णता काढावी लागते, तेवढ्या कामाला 'एक टन' म्हणतात. आपल्या विहिरीचं पाणी आधी गार करावं लागतं, बर्फाचे डबे बुडवतात त्या मीठपाण्याच्या टाकीतही बाहेरची ऊब शिरते, म्हणून दहाचे सहा-सात होतात. मग खडू घेतला आणि फरशीवर लिहून दाखवलं, की हेच काम पाणी उपसायच्या मापात मांडलं तर एक टन म्हणजे चार पूर्णांक सात हॉर्सपॉवर. दहा टन म्हणजे सत्तेचाळीस.

तुम्ही मोटरीकडं बघितलंत. "पण मोटर तर वीसची हाय."

"हो."

"मग तुमचं पुस्तक खोटं."

"पुस्तक खोटं नाही, वैनी."

"मग मोटर खोटी?"

खाजामियाँ तोंडावर रुमाल धरून हसत होते. मी म्हणाले, मशीन थंडी तयार करत नाही. पाण्यातली ऊब उचलते आणि बाहेर नेऊन टाकते. उचलून न्यायला कमी ताकद लागते. वीस हॉर्सपॉवर खाऊन सत्तेचाळीस हॉर्सपॉवरची ऊब ती वाहून नेते.

"हमालागत?"

"तसंच थोडंफार."

तुम्ही उठून कारखान्याच्या मागं गेलात. तिथं नळ्यांवरून कोमट पाणी पडायचं. थंडीच्या दिवसांत शेजारच्या बायका त्या पाण्यात धुणं धुवायला यायच्या, हात आखडत नाहीत म्हणून. तुम्ही त्या पाण्यात हात धरून बराच वेळ उभ्या होतात. "म्हंजी ही ऊब बर्फातनं काढल्याली?" मी हो म्हणाले. "वीस आपली, आन वरची सत्तावीस कुनाची?" सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस पाण्याचीच, मी म्हणाले, आपली वीस ती नुसती उचलायला. तुम्हाला ते पटलं नाही. "फुकट कायच येत न्हाई, ताई. कुनीतरी देतंय, आपल्याला दिसत न्हाई." मी पुन्हा समजावलं. तुम्ही पुन्हा मान हलवली. तो आपला पहिला वाद, आणि तो कधीच मिटला नाही.

मग ते पाऊस न पडलेलं साल आलं. उन्हाळा लागायच्या आधीच गावातले आड तळाला गेले. आपल्या कारखान्याच्या विहिरीला मात्र पाणी होतं. उसाच्या रसवाल्यांना, सोडावाल्यांना, लग्नाच्या मांडवांना बर्फ हवाच होता, त्यामुळं आपली मशीन चालू होती, आणि फाटकाशी घागरी घेऊन बायका उभ्या होत्या. त्यांच्यासमोरून बर्फाच्या लाद्या हातगाडीवर चढायच्या. भुसा झटकला की लादीवरून पाणी ओघळायचं, आणि एखादी म्हातारी पदर पुढं करून ते टिपायची. तुम्ही मशीनघरातून हे बघत होतात.

नव्या जिल्ह्याची कचेरी तेव्हा भाड्याच्या खोल्यांत होती. उस्मानाबादहून कपाटं ट्रकनं येत होती. तिथला एक तरुण इंजिनिअर, कंधारकडचा, घामानं भिजलेला सदरा घालून आपल्याकडं आला. आपल्या विहिरीचं पाणी उपसून गावात चढवायचं त्याच्या मनात होतं. पण उन्हाळाभर विजेचा नवा जोड मिळण्यासारखा नव्हता. होती ती वीजही दिवसातून थोडा वेळ यायची. त्यानं हात जोडून सांगितलं, "बाई, तुमची मशीन थांबवली तर तिची वीज पंपाला देता येईल."

त्यानं पट्टीवरचे दहा टन बघितले, खिशातून एका मापाचं दुसरं माप करायचा छापील तक्ता काढला आणि गुणाकार केला. पाण्याचे सत्तेचाळीस हॉर्सपॉवर. त्याचा चेहरा उजळला. एवढी ताकद असेल तर चाळीसचा पंप बसेल, आणि पाणी खालच्या आळीलाच काय, टेकाडावरच्या आळीलाही चढेल. फाटकाशी उभ्या बायकांनी ते ऐकलं. त्यातल्या कितीतरी टेकाडावरून आलेल्या. एकीनं घागर खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी तुमचे पाय धरले. दुसरी पळत वर सांगायला निघाली.

वैनी, तुम्ही माझ्याकडं बघितलंत. तुम्हालाही माहीत होतं, मलाही.

मी त्याला मोटरीपाशी नेलं. तक्त्यातला आकडा खरा आहे, म्हणाले, पण तो मशीन किती ऊब वाहते त्याचा आहे. ती वीज किती खाते त्याचा नाही. वीज वीसचीच मिळेल, आणि पंपानं ती खाल्ल्यावर पाण्याच्या वाट्याला बारा हॉर्सपॉवर आले तरी खूप. चाळीसचा पंप जोडलात तर पहिल्याच झटक्याला फ्यूज जातील, बाहेरचा ट्रान्सफॉर्मरही जळेल. तो शहाणा मुलगा होता. ऐकता ऐकता त्यानं तक्त्याची घडी घातली. "तरीच," एवढंच म्हणाला. मग विहिरीच्या कठड्यावर बसून नवा हिशोब मांडला. पाणी खालच्या आळीच्या टाकीपर्यंत जाईल. टेकाडावर नाही.

हे बायकांना सांगायचं काम तुम्ही केलंत. त्याला करू दिलं नाही, मलाही नाही. "वर पानी चढनार न्हाई," तुम्ही म्हणालात, "पन हे फाटक दिवसभर उघडं ऱ्हाईल. कुनाला ना म्हननार न्हाई." ती तुमच्या पाया पडलेली बाई वळली. घागर उचलून रांगेत परत जागेवर जाऊन उभी राहिली.

संध्याकाळी तुम्ही मला विचारलंत, "तुमी गप बसला असताव तर?"

"तर दुसऱ्या दिवशी सगळंच बंद पडलं असतं, वैनी. खालच्या आळीचंही."

"हाव. ते कळतंय मला. पन एक रात तरी त्या बाया पानी येनार म्हनून झोपल्या असत्या."

"आणि सकाळी?"

"सकाळी सांगितलं असतं."

मी रागावले. खोट्या आशेवर माणसाला कशाला झोपवायचं? आजचं उद्यावर ढकलून काय मिळतं? मी गणिताची बाई, मला आकडा चुकीचा दिसला की गप्प बसवत नाही. तुम्ही म्हणालात, "आकडा बरोबरच व्हता तुमचा. मी कुठं चूक म्हनले?" आणि भाकरी थापायला लागलात.

मशीन बंद करायची ती पुरती बंद करायची, असं तुम्ही ठरवलंत. मी म्हणाले, जरा थोडी चालू ठेवू. वीज येईल त्यातला थोडा वेळ मशीनला द्या, म्हणजे मीठपाण्याची टाकी गार राहील, गिऱ्हाईक तुटणार नाही. टाकी एकदा तापली की पुन्हा पहिल्यापासून सुरू. खाजामियाँही तेच म्हणत होते, सांध्यांचे वायसर सुकतील, आतला गॅस धरणार नाही. तुम्ही ऐकलं नाही. शेवटच्या लाद्या डब्यांतून काढल्या, बैलगाडी बोलावली, आणि गाडीवर पोत्यांखाली तो सगळा बर्फ घालून टेकाडावर पाठवलात. "पानी चढत न्हाई म्हनत्यात, मग बर्फ चढू दे." गाडीमागून पाण्याची ओली रेघ टेकाडापर्यंत गेली, आणि दुपारच्या उन्हात लगेच वाळली. वरच्या बायकांनी लाद्या हंड्यांत फोडून ठेवल्या. दोन दिवस तिथली माणसं गार पाणी प्याली. त्यानंतर तीही खाली रांगेला.

मग खाजामियाँनी खटका ओढला. दादांनी बसवलेली ती मशीन. तिचा आवाज आपल्या घरात घड्याळासारखा होता, तो थांबला. मी तिथंच तुमच्याशी भांडले. म्हणाले, दया करायचीच तर डोकं ठेवून करावी. तुम्ही वळलात, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला 'तू' म्हणालात.

"तुला काय कळतंय गं चालू घर बंद करनं? तुजं कुठं काय बंद पडलंय?"

मी लग्न केलं नव्हतं. माझं बंद पडायला काही सुरूच झालं नव्हतं, असा मी त्याचा अर्थ घेतला. तुम्हाला तसं म्हणायचं होतं का, हे मी पुढं कधी विचारलं नाही. तुम्ही कधी सांगितलं नाही.

पंप उन्हाळाभर चालला. खालच्या आळीला एक दिवसाआड पाणी मिळालं. फाटक सकाळपासून उघडं असायचं आणि तुम्ही विहिरीपाशी खुर्ची टाकून बसायच्या, भांडणं सोडवत, शिव्या देत. टेकाडावरच्या बायकांना पुढं घ्यायचं, त्यांना चढ आहे म्हणून, हा तुमचा कायदा. खालच्या बायका तुमच्या नावानं बोटं मोडायच्या. तुम्हाला काही वाटायचं नाही.

मी हे सगळं बघितलं, आणि जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी नांदेडला नोकरी धरून निघून गेले. तुम्ही बसस्टँडवर आला नाहीत. डब्यात धपाटे तेवढे दिले होते.

नांदेडात माझी एक खोली होती. खिडकीतून दुसऱ्याची भिंत दिसायची. शिकवायचे, खायचे, झोपायचे. आपण बरोबर होतो, हे स्वतःला रोज समजावायचे. बरोबर असण्याचा उबारा फार दिवस पुरत नाही, वैनी.

दिवाळीनंतर एका दुपारी दार वाजलं. तुम्ही होतात. अंगभर धूळ, हातात पिशवी, पायातली चप्पल तुटलेली. लातूरहून बशीत उभ्यानं आला होतात. बसल्याबरोबर तुम्ही म्हणालात, "मशीन इकून टाकली." पाऊस पडल्यावर चालू करून बघितली होती. गॅस धरला नाही, गिऱ्हाईक दुसरीकडं वळलं होतं. खाजामियाँ आणि मी जे म्हणालो होतो, तेच झालं होतं. मी तसं बोलले नाही. बोलायची गरज वाटली नाही, कारण तुम्ही माझ्या खोलीकडं बघत होतात. एक पातेलं, एक ताट, एक पेला.

"मशीन चालू असली की मला वाटायचं तुमचे दादा आत हायत," तुम्ही म्हणालात. "भाकरी करता करता आवाज यायचा, आन वाटायचं, आता येतील जेवायला. येक साल मी तसंच काढलं. मंग मीच बंद केली. बंद केल्याबिगर कळतच नव्हतं मला, की ते न्हाईत."

मी उठले. तुमच्यासाठी पाणी आणलं. तुम्ही ते घेतलं नाही. माझं मनगट धरलंत.

"आता आवाजच न्हाई घरात. चल, ताई. घरी चल."

'चल' म्हणालात. 'तू'वर आलात ते दुसऱ्यांदा. मी शाळेचं वर्ष संपेपर्यंत थांबले आणि आले. मग गेलेच नाही कुठं.

त्यानंतरची इतकी वर्षं आपण दोघी एका घरात राहिलो. लोकांना नवल वाटायचं, नणंद-भावजय एका चुलीवर कशा टिकल्या. आपण भांडत टिकलो. तुम्हाला चार पूर्णांक सात हा आकडा एखाद्या मंत्रासारखा पाठ झाला होता. बँकेत पहिल्यांदा एसी बसला तेव्हा तुम्ही साहेबाला विचारलंत, "किती टनाचा?" तो म्हणाला, दीड. तुम्ही माझ्या कानाशी लागून म्हणालात, "सात घोडे हायत भिंतीवर. आन खातंय दोनाचं." मी हसू आवरत पासबुक पुढं केलं. घरात फ्रीज आणला तर त्याच्या मागं हात लावून म्हणालात, "बघा, हितंबी ऊब बाहीर टाकून राह्यलाय." आणि वर, "सत्तावीस कुनाची, ते तुमी सांगितलंच न्हाई अजून." किती वेळा सांगितलं होतं! तुम्हाला उत्तर नकोच होतं. मी रागावून पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगावं, एवढंच हवं होतं. हे मला आता कळतंय. आता फ्रीज सुरू होतो, बंद होतो. त्यात अर्धा लिटर दूध आणि वाटीभर चटणी. एका बाईच्या दुधासाठी ते यंत्र दिवसभर राबतं.

दवाखान्यात शेवटच्या दिवसांत तुमच्या खाटेवर बरोबर समोरून एसीचा वारा यायचा. तुम्ही डोळे उघडून वर बघितलंत.

"किती टनाचा हाय?"

"दीड असेल."

"बंद करा म्हनावं त्येंला. माझ्यातली ऊब काढून कुठं नेऊन टाकून राह्यलेत?"

मी हसले. नर्सला सांगून दुसरी चादर आणली, तुमचे पाय गुंडाळले. पाय गार होते. मी ते माझ्या हातात धरून बसले आणि वाटलं, आता म्हणावं. त्या दिवशी तुम्ही नांदेडला आला नसतात तर माझं काय झालं असतं, हे आता सांगावं. शब्द तोंडापर्यंत आले. पण असं काही मी म्हणाले असते, तर तुम्ही ओळखलं असतं की डॉक्टरनं मला काय सांगितलंय. म्हणून मी म्हणाले, "झोपा, उद्या घरी जायचंय." तुम्ही माझ्याकडं बराच वेळ बघत राहिलात. मग "बरं" म्हणालात आणि डोळे मिटलेत. तुम्हाला आकडा कळला होता का, वैनी? कळला असणार.

आज सकाळी औशाकडची भाजीवाली आली. नवी आहे, दिवाळीपासून येते. तिच्या लेकीच्या बाळंतपणाला गावी गेली होती, आजच परत आली. तिला काही माहीत नव्हतं. पायरीवर टोपली उतरवून तिनं आत बघितलं.

"मोठ्या बाई कुठं हायत?"

माझ्या हातात पिशवी होती. मी तिच्याकडं बघितलं. इतक्या दिवसांत माणसं येत होती ती सगळं माहीत असूनच येत होती. तोंडं तशीच करून यायची. हिचं तोंड रोजच्यासारखं होतं. नात झाली म्हणून खूश होती.

"उदगीरला गेल्यात," मी म्हणाले.

"माहेराला? बरं झालं. लई दिवस म्हनत व्हत्या." तिनं टोपलीतून अंबाडीच्या दोन जुड्या काढल्या. "त्येंच्यासाठी आनली व्हती. कवळी हाय. ऱ्हाऊ द्या, तुमीच खावा. त्या कवा येनार?"

"बघू," मी म्हणाले.

तिनं तुमची चौकशी केली, तुमच्या गुडघ्याला तेल सांगितलं, तुम्ही भाव पाडून कशा घेता याची तक्रार केली आणि हसत हसत टोपली उचलून गेली. दारात उभं राहून मी ती गल्लीच्या वळणापर्यंत जाताना बघितली. मग अंबाडी निवडली, शिजवली, ज्वारीच्या कण्या घालून घोटली. मला अंबाडी आवडत नाही. आंबट होती. सगळी खाल्ली.

ती उद्या परत येणार आहे. उद्या सांगेन.